ताईंसाठी आणलेलं चांगलं तेल

पोहण्याच्या तलावावर दोन प्रकारची माणसं येतात. काही पोहायला येतात आणि काही पोहून झाल्यावर खाता येईल म्हणून पोहतात. दुसऱ्या प्रकारची माणसं जास्त, हे तलावाच्या समितीलाही ठाऊक होतं, पण तसं उघड कबूल करायचं म्हणजे दारावरच्या पाटीवर आधी कँटीनचं नाव लिहावं लागलं असतं. त्यामुळे समिती गप्प होती आणि ओल्या केसांनी, पंचे गुंडाळून, दात वाजवत उभ्या असलेल्या माणसांची रांग रोज खिडकीपासून पार उथळ पाण्याच्या कठड्यापर्यंत जात होती.

कँटीन म्हणजे कपडे बदलण्याच्या खोल्या आणि पंपघर यांच्या मधली एक चिंचोळी खोली. दोन माणसं आत आली की तिसऱ्याने श्वास आत ओढून उभं राहायचं. तलावाकडे एक मोठी खिडकी, पंपघराकडे एक झरोका. खिडकीशी उंच स्टूल, स्टुलाशेजारी शेगडी आणि शेगडीवर एक लोखंडी कढई, लहान मूल आत बसवून आंघोळ घालता येईल एवढी. त्या कढईत बटाट्याच्या फोडी, कांद्याच्या चकत्या आणि माशांचे तुकडे सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत तळले जात, आणि ते सगळं तळणाऱ्या बाईंना अख्खा तलाव ‘वहिनी’ म्हणत असे.

हे नाव तलावावरच्या जीवरक्षकांनी दिलेलं. वहिनींचे यजमान पंपघरात पाणी गाळायचं आणि त्यात औषध सोडायचं काम करत. बावीस वर्षांपूर्वी लग्न होऊन त्या इथे आल्या तेव्हा यजमानांच्या मित्रांनी त्यांना वहिनी म्हटलं, मग मित्रांच्या मुलांनी म्हटलं आणि आता ती मुलं आपल्या मुलांना बोटाने दाखवून सांगत, ‘वहिनींकडून दोन प्लेट घेऊन ये.’ बाई बुटक्या, चपळ आणि नाकाच्या शेंड्यावर राग. पण ते नाक मोठं गुणी होतं. मासा सकाळचा की कालचा, बटाटा गोडसर पडलाय का, पिठात पाणी किती वेळ आधी पडलं, हे सगळं त्या नुसत्या वासावर सांगत. मासेवाला त्यांच्यासमोर टोपली उघडताना देवाचं नाव घेई, असं म्हणतात. मी त्याला विचारलं, तर तो म्हणाला की देवाचं नाही, वहिनींचंच घेतो.

आणि स्टुलावर ताई. ताई म्हणजे यजमानांच्या थोरल्या बहीण. उंच, हाडापेराने मजबूत, लग्नाच्या भानगडीत न पडलेल्या. कँटीन त्यांच्या वडिलांनी सुरू केलं आणि ताईंनी विसाव्या वर्षापासून चालवलं. हिशेबही त्यांचा, आवाजही त्यांचा आणि जिभेला हाड नाही ही ख्यातीही त्यांचीच. समितीच्या अध्यक्षांना त्यांनी भर रांगेत सांगितलं होतं, “साहेब, तुम्ही पाण्यात उतरता तेव्हा बाकीच्यांना बाहेर यावं लागतं, जरा कमी खा.” पोहायला शिकवणाऱ्या गुरुजींच्या शिट्टीला त्या ‘आजारी कोंबडी’ म्हणत, गुरुजींच्या समोरच. लोक चिडायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचे, कारण फोडी तशा मिळत होत्या.

या दोघींचं कसं होतं म्हणाल, तर बावीस वर्षं एकही दिवस भांडणाशिवाय गेला नव्हता आणि एकही दिवस एकमेकींशिवाय गेला नव्हता. “ताई एकदा धाकटीकडे राहायला गेल्या ना, की मी पेढे... नाही, आख्ख्या तलावाला फुकट फोडी वाटीन,” असं वहिनी वर्षातून निदान दहा वेळा म्हणत. ताईंची धाकटी बहीण दुसऱ्या गावी टेकडीवर राहायची. तिचं घर मोठं, हवा स्वच्छ आणि आग्रह जुना. ताई कधी गेल्या नाहीत. वहिनींनीही कधी खरोखर जा म्हटलं नाही.

कढईचा एक नियम होता. तो ताईंच्या वडिलांचा, आणि ताईंनी तो पहिल्याच दिवशी नव्या नवरीच्या कानावर घातला होता. “कढई रिकामी करायची नाही. संध्याकाळी तेल गाळायचं, सकाळी जेवढं कमी झालं तेवढं नवं ओतायचं. जुन्या तेलाने नव्याला वळण लागतं.” घरात सासू सुनेला लावते तसं, हे त्या बोलल्या नाहीत, पण वहिनींना ऐकू आलं. बावीस वर्षांत त्या कढईचा तळ कोरडा कुणी पाहिला नव्हता. कडेला पिवळ्या-तपकिरी रंगाचा चिकट थर बसला होता, नखाने खरवडला तरी न निघणारा. वहिनी त्याला कढईचा दागिना म्हणत.

आता तेलाची गोष्ट. गेल्या वर्षी ताईंचं रक्त तपासलं, तर त्यात चरबी जास्त निघाली. ताई दुपारचं जेवण म्हणून फोडीच खायच्या, त्यामुळे फार नवल वाटायचं कारण नव्हतं. डॉक्टरांनी तळलेलं कमी करायला सांगितलं, ते ताईंनी या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं. पण जाता जाता डॉक्टर म्हणाले, “आणि घरात तेल जरा चांगलं वापरा. सूर्यफुलाचं, जवसाचं. हृदयाला बरं असतं.” हे मात्र वहिनींनी दोन्ही कानांनी ऐकलं आणि गाठ मारून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या सूर्यफुलाच्या तेलाचे डबे हातगाडीवर घालून तलावाच्या फाटकातून आत आल्या. घरचं तेल बदललंच, पण ताई दिवसभर खातात ते कढईतलं, मग नुसतं घरचं बदलून काय उपयोग? असा त्यांचा साधा सरळ विचार. महाग पडणार होतं, पडू दे. खिडकीतून, रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, “ताईंसाठी आणलंय! आजपासून कढईत हेच. हृदयाला बरं असतं.”

ताई स्टुलावर बसल्या होत्या. सगळ्यांना वाटलं, आता काहीतरी खोचक येणार. “चव बिघडली तर मला सांगायला येऊ नका,” एवढं म्हणून ताईंनी तोंड फिरवलं आणि सुट्टे मोजायला घेतले. ते त्या तीनदा मोजत होत्या, हे वहिनींच्या लक्षात आलं नाही. नवं तेल जुन्यावर ओतलं गेलं, कढई तापली आणि फोडी पडल्या.

पंधरा-वीस दिवसांनी ताई खोकायला लागल्या.

आधी नुसती खसखस. मग दुपारपर्यंत डोळे लाल, घसा खवखव, आणि संध्याकाळी तर त्यांचा तो सगळ्या तलावाला हाक मारणारा आवाज अर्ध्या रांगेपर्यंतही पोचेना. वहिनींनी मध दिला, मिठाचं पाणी दिलं, वाफ दिली. वाफ घेताना ताई म्हणाल्या, “दिवसभर वाफच घेतेय की मी,” पण ते थट्टेवारी गेलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, तो स्वच्छ निघाला. मग कुणीतरी तलावाच्या औषधाचं नाव घेतलं. क्लोरीन! वहिनींना गुन्हेगार सापडला. आणि गुन्हेगाराला औषध सोडणारा तर घरातच होता.

“अहो, तुम्ही स्वतःच्या बहिणीला औषध घालून मारताय!” त्या झरोक्यातून कडाडल्या.

यजमान मितभाषी. त्यांनी नोंदवही झरोक्याला लावून दाखवली. “बावीस वर्षं तेवढंच सोडतोय. एक थेंब जास्त नाही.”

“मग कमी सोडा!”

“कमी सोडलं तर पाणी हिरवं होईल. मग पोहणारे खोकतील.”

यावर तोड निघेना. शेवटी डॉक्टर म्हणाले की नेमकं कशाने होतंय ते कळत नाही, पण हवा बदलून बघा, दोन-चार महिने जरा मोकळ्या जागी राहू द्या. टेकडीवरच्या धाकटीला फोन गेला. ती तर वाटच पाहत होती. म्हणाली, महिने कशाला, कायमचीच ये, रविवारी मी स्वतः गाडी घेऊन न्यायला येते. आणि ताई, ज्या कधी टेकडीचं नाव काढू देत नव्हत्या, त्या पटकन म्हणाल्या, “ये.”

त्या रात्री वहिनींना झोप लागली नाही, एवढंच सांगतो. फुकट फोडी वाटायचा दिवस तोंडावर आला होता आणि वाटायची इच्छाच उरली नव्हती. स्टूल रिकामं राहणार. आपण फोडी जास्त काढल्या तर ‘आंधळी झालीस का’ म्हणायला कुणी असणार नाही. ताईंशिवाय त्या कँटीनमध्ये आपण काय करू, हे त्यांना खरंच कळत नव्हतं. आणि जाऊ नका म्हणावं, तर खोकून खोकून बाईचा जीव जायचा. बॅग भरून दाराशी ठेवली होती. गुरुवार उलटून गेला होता.

शुक्रवारी सकाळी बायकांच्या वेळेत प्रयोगशाळेतल्या बाई खिडकीशी आल्या. या बाई खाण्याच्या पदार्थांची तपासणी करायच्या. रोज चाळीस फेऱ्या पोहून, चष्मा पुसत, फक्त काळा चहा घ्यायच्या. फोडी कधीच घ्यायच्या नाहीत, त्यामुळे वहिनींचा त्यांच्यावर आधीपासूनच राग होता. त्या दिवशी रविवारची बातमी ऐकून बाई हळहळल्या. मग थांबून आत डोकावल्या आणि त्यांनी एक विचित्र प्रश्न विचारला.

“वहिनी, सुट्टीच्या दिवशी ताई खोकतात का?”

तलाव सोमवारी बंद असतो. वहिनींनी आठवून पाहिलं. सोमवारी दुपार होईतो ताईंचा खोकला थांबलेला असे. “पण ते त्या औषधापासून लांब असतात म्हणून.”

“मग मी रोज त्या औषधात तास काढते, मी का नाही खोकत?” बाईंनी कढईकडे बोट केलं. “तो फेस बघा. फोडी बाहेर काढल्या तरी बसत नाही. आणि कडेचा तो चिकट थर. आणि इथे दोन मिनिटं उभी राहिले तर माझे डोळे चुरचुरतायत. तेल गेलंय वहिनी.”

पंपघरात यजमान काम थांबवून ऐकू लागले. वहिनींच्या तेलाला कुणी गेलेलं म्हणावं!

“बाई,” वहिनी म्हणाल्या, आवाज गोड होता म्हणजे प्रकरण गंभीर होतं, “या नाकाने मी मासेवाल्याला रडवलंय. तेल गेलेलं असतं तर मला कळलं नसतं? आणि हे साधं तेल नाही. डॉक्टरांनी सांगितलेलं चांगलं तेल आहे.”

“चांगलंच आहे. म्हणूनच लवकर जातं.” बाई हसल्या. “आणि नाकाचं म्हणाल तर पैज लावा. नाक ज्यात राहतं त्याचा वास त्याला येत नाही. तुमच्या केसांत, कपड्यांत, घरच्या उशीत हेच तेल आहे. पाण्यात या माझ्याबरोबर. केस धुवा, माझे कपडे घाला, तासभर आत पाऊल टाकू नका. मग येऊन वास घ्या.”

आता गंमत अशी की बावीस वर्षं तलावाच्या काठावर काढून वहिनी पाण्यात एकदाही उतरल्या नव्हत्या. पण पैज म्हटल्यावर मागे हटणं रक्तात नाही. झारा यजमानांच्या हातात गेला, ताई गल्ल्यावर राहिल्या आणि उसना, गुडघ्याखाली लोंबणारा पोहण्याचा पोशाख घालून वहिनी लहान मुलांच्या भागात कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहिल्या, कठडा दोन्ही हातांनी धरून. खिडकीतून ताईंनी घोगऱ्या आवाजात सुनावलं, “पाणी सांडवू नकोस ग, आधीच कमी आहे!” सगळ्या बायका हसल्या. वहिनीही हसल्या, मग गार पाण्याने त्यांची बोबडी वळली.

तिथे उभ्या उभ्या बाईंनी त्यांना तेल समजावलं. समोर पोरी एकमेकींचे हात धरून साखळी करत होत्या.

“ती साखळी बघा. तेलाचा कण असाच लांब साखळीसारखा असतो. तुपात, खोबरेल तेलात बहुतेक पोरींनी हात घट्ट धरलेले. सूर्यफुलात, जवसात काही ठिकाणी पकड जरा नाजूक. शास्त्रात त्याला असंपृक्त म्हणतात. त्या नाजूक जागांमुळेच ते हृदयाला बरं. पण तापवलं की हवेतला ऑक्सिजन नेमका त्याच जागांशेजारी घुसतो. साखळी तुटते.”

“तुटली तर तुटली. पोटात जाऊन तुटणारच आहे.”

“तुटलेले तुकडे वेगळे असतात. अल्डिहाइड म्हणतात त्यांना, तिखट आणि त्रासदायक. काही धुरातून वर जातात, डोळ्यांत, घशात, छातीत. काही तेलातच राहतात आणि फोडींबरोबर पोटात. काही तुकडे एकमेकांना चिकटतात, तो तुमचा दागिना.” वहिनींनी मान खाली घातली. “एक प्लेट खाऊन कुणी मरत नाही. पण अकरा तास तापलेल्या कढईशी नाक लावून रोज बसायचं, म्हणजे किती? जितक्या नाजूक जागा जास्त, जितकी आच मोठी आणि जितका वेळ लांब, तितके तुकडे जास्त. वरून तुम्ही कढई कधी रिकामी करत नाही. कालचं मोडलेलं तेल आजच्या ताज्यालाही लवकर मोडतं. पोत्यात एक सडका बटाटा ठेवून वर नवे ओतल्यासारखं.”

बटाट्याचं उदाहरण वहिनींच्या काळजात घुसलं. शास्त्राचं अर्धंमुर्धं कळलं होतं, बटाट्याचं पुरतं कळलं. पण नाकाचा अजून भरवसा होता. केसांना दोनदा साबण लावून, बाईंच्या ढगळ सदऱ्यात, ओल्या केसांचा बुचडा बांधून त्या तासाभराने मागच्या दाराने आत शिरल्या आणि उंबऱ्यातच थबकल्या.

“अहो, दारं-खिडक्यांना वार्निश कोण लावतंय?” त्यांनी विचारलं. “खाण्याच्या जागी? सांगून तरी लावायचं!”

यजमान झारा हातात धरून, करपलेल्या फोडींच्या ढिगाआड उभे होते. “कुणी नाही लावत,” ते म्हणाले.

“मला वास येतोय ना. वार्निशच आहे. डोळ्यांत जातंय.”

“अगं, कुणी नाही.”

वहिनींनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग हळूहळू कढईकडे गेल्या. वाकल्या. आणि त्यांच्या गुणी नाकाने बावीस वर्षांत पहिल्यांदा आपल्याच कढईचा वास घेतला. खोकल्याची उबळ आली ती ताईंच्या उबळीसारखीच, तीच खसखस, तोच घसा. पुढे कुणी काही समजावून द्यायची गरज उरली नाही.

त्यांनी शेगडी बंद केली. सकाळचे साडेदहा वाजले होते, बाहेर रांग होती. खिडकीचं दार ओढून घेताना त्यांनी रांगेला ओरडून सांगितलं, “आज तळण नाही! घरी जाऊन फळं खा!” अशी घोषणा त्या खिडकीने कधी ऐकली नव्हती. दोन मुलं रडली म्हणे. एक बाप पण रडला असावा.

तेल निवायला दुपार झाली. मग यजमानांनी आणि वहिनींनी मिळून कढई उचलली आणि तेल पिंपात ओतलं, साबण करणाऱ्या कारखान्याला द्यायला. बाई चहा संपवून कामावर जाताना सांगून गेल्या होत्या. तळायला शेंगदाण्याचं तेल घ्या, त्यात नाजूक जागा कमी. पण तेही अमर नाही, एक-दोन दिवसांत कढई पूर्ण रिकामी करा. धूर निघेपर्यंत तापवू नका, गिऱ्हाईक नसेल तर आच बंद. भिंतीत धूर ओढणारा पंखा बसवा, ताईंचं स्टूल दुसऱ्या कोपऱ्यात न्या. आणि सूर्यफुलाचं तेल आच न लावता खा, त्यात काही वाईट नाही. वहिनींनी हे सगळं यथासांग केलं आणि ताईंचा खोकला तीन आठवड्यांत गेला, डॉक्टरांनी आपल्याच उपायाने गेला असं वहीत लिहून घेतलं, हे आत्ताच सांगून टाकतो. कारण मला सांगायची आहे ती त्या शुक्रवारच्या दुपारची गोष्ट.

वहिनी कढईचा थर लोखंडी घासणीने खरवडत बसल्या होत्या. ताई स्टुलावरच होत्या, तोंड खिडकीकडे. खरवडता खरवडता वहिनींचा हात थांबला.

“ताई, सोमवारी खोकला नसायचा.”

ताईंनी फडकं घेऊन खिडकीची चौकट पुसायला घेतली.

“तुमच्या लक्षात आलं नव्हतं?”

“आलं होतं.”

“कधी?”

“पहिल्याच महिन्यात. दुसऱ्या का तिसऱ्या सोमवारी,” ताई म्हणाल्या. “मंगळवारी कढई पेटली की अर्ध्या तासात सुरू. न कळायला मी काय खुळी आहे?”

वहिनींनी घासणी ठेवून दिली. त्यांचा राग नाकाच्या शेंड्यावरून थेट डोक्यात गेला. “मग बोलला का नाहीत? अध्यक्षांना जाड म्हणता, गुरुजींना कोंबडी म्हणता, मला तर दिवसातून दहा वेळा बोलता! एवढं एक वाक्य तोंडातून निघेना? मी त्या बिचाऱ्या माणसाला झरोक्यातून शिव्या घातल्या! गाव सोडून निघाला होतात तुम्ही!”

“बॅग भरणं सोपं होतं,” ताई म्हणाल्या.

“कशापेक्षा सोपं?”

ताईंनी हातातल्या फडक्याच्या घड्या घातल्या. मग तोंड न वळवताच बोलल्या. “तू ते डबे घेऊन आलीस तेव्हा काय म्हणालीस? रांगेसमोर. ‘ताईंसाठी आणलंय.’ अगं, चाळीस वर्षं या खोलीत आहे मी. बाबांसाठी पंखा आला, तुझ्यासाठी नवा ओटा आला, भावासाठी तो पंप आला. ते मीच आणलं, माझी काही तक्रार नाही. पण माझ्यासाठी म्हणून, माझं नाव घेऊन, या दारातून पहिल्यांदाच काहीतरी आलं होतं. आणि तेच मला बाधतंय, हे तुला कुठल्या तोंडाने सांगू?”

वहिनी मटकन बटाट्याच्या पोत्यावर बसल्या. जगाला तोंडावर सुनावणाऱ्या या बाईने वहिनींचं मन मोडू नये म्हणून स्वतःचा घसा जाळून घेतला होता. आणि एवढं करून टेकडीवर जायला निघाली होती, गुपचूप. बावीस वर्षं रोज भांडून आपल्याला या बाईबद्दल हे ठाऊक नव्हतं, याची वहिनींना लाज वाटली, आणि लाजेच्या आतून भडभडून माया आली. मग वहिनी ढसाढसा रडल्या. उसन्या सदऱ्याच्या बाहीला नाक पुसून रडल्या.

“रडतेस काय? वास घ्यायला नाक लागेल ते,” ताई म्हणाल्या आणि हातातलं फडकं त्यांच्याकडे फेकलं.

“धाकटीला फोन करा,” वहिनी हुंदक्यातून म्हणाल्या. “येऊ नको म्हणावं. आणि यापुढे मी काही आणलं आणि ते बाधलं, तर त्याच दिवशी बोंब मारायची. कळलं?”

“मला दटावतेस?”

“दटावते!”

ताईंनी फोन केला. टेकडीवरून बराच वेळ कुरकुर ऐकू येत होती, तिला ताईंनी तीन शब्दांत गप्प केलं. वहिनी उठल्या, तोंड धुतलं आणि आवराआवर करायला लागल्या. कोपऱ्यात सूर्यफुलाच्या तेलाचा न उघडलेला एक डबा उरला होता. तो त्या रागारागाने उचलून दाराबाहेर ठेवायला निघाल्या, तेवढ्यात ताई स्टुलावरून खाली उतरल्या आणि त्यांनी डब्यावर हात ठेवला.

“याला हात लावायचा नाही. हे माझं आहे.”

“अहो, पण...”

“ती बाई काय म्हणाली? आच लावू नका म्हणाली ना? मग नको लावूस.”

वहिनींनी डबा खाली ठेवला. दोन टोमॅटो आणि एक काकडी चिरली, बशीत पसरली आणि डबा उघडून वरून एक चमचा तेल सोडलं, थंड, पातळ, पिवळंधमक. बशी ताईंच्या हातात दिली आणि समोर उभ्या राहिल्या. ताईंनी एक फोड तोंडात टाकली. सावकाश चावली. दुसरी टाकली.

“कसं आहे?”

“मीठ कमी आहे,” ताई म्हणाल्या आणि बशी पुढे केली.

वहिनींनी मीठ घातलं.